वाक्याच्या पोटातले वाक्य

हाताने लिहिलेला जुना सातबारा उतारा पाहिला, तर भोगवटादाराच्या रकान्यात काही नावे कंसात दिसतात. जमीन विकली गेली, वाटणी झाली किंवा खातेदार वारला, की तलाठी फेरफाराचा क्रमांक टाकून नवे नाव चढवायचा आणि जुन्या नावाला कंस करायचा. गावात त्याला ‘नावाला कंस झाला’ असेच म्हणतात. त्या माणसाचा त्या जमिनीवरचा हक्क संपलेला असतो. पण नाव खोडून काळे केलेले नसते. ते वाचता येते आणि मालकीचा माग काढत मागे जाणाऱ्याला तेच उपयोगी पडते.

लिखाणातला कंस हेच करतो. कंसातला मजकूर वाक्याच्या कारभारात भाग घेत नाही, पण वाचकाच्या हाताशी राहतो. शाळेत गणिताच्या तासाला आपण ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेले असते, म्हणजे कंस सगळ्यांत आधी सोडवायचा. वाक्यात कंसाचा मान नेमका उलटा आहे. आधी कंसाबाहेरचे वाक्य पुरे व्हायला हवे. आत काय आहे ते मागाहून.

मुख्य गोष्ट सांगता सांगता मध्येच एखादा खुलासा, एखादी तारीख, एखाद्याची ओळख द्यायची असते. ती दिली नाही तर वाचक अडतो, आणि दिली तर वाक्य अडते. यासाठी मराठीत तीन चिन्हे आहेत: स्वल्पविराम, कंस आणि डॅश. व्याकरणाच्या पुस्तकात डॅशला अपसारणचिन्ह म्हणतात; छापखान्यात आणि संपादकाच्या टेबलावर सगळे डॅशच म्हणतात. या तिघांची नावे, आकार आणि एकेक उदाहरण शाळेत पाठ होते. पण एकच माहिती तिन्ही चिन्हांनी लिहिता येते आणि चिन्ह बदलले की त्या माहितीचे वजन बदलते, हे शाळेत सहसा सांगितले जात नाही. मला तर सगळ्यात महत्त्वाचे तेच वाटते.

एक साधे वाक्य घेऊ.

शेजारचे देशमुख, निवृत्त न्यायाधीश, कालच्या सभेला आले होते.

शेजारचे देशमुख (निवृत्त न्यायाधीश) कालच्या सभेला आले होते.

शेजारचे देशमुख – निवृत्त न्यायाधीश – कालच्या सभेला आले होते.

शब्द तेच, क्रम तोच. पहिल्या वाक्यात देशमुखांची ओळख ओघात येते. आवाज किंचित खाली जातो आणि लगेच वर येतो. दुसऱ्या वाक्यात लेखक जणू सांगतो, की तुम्हाला देशमुख कोण हे ठाऊक नसेल म्हणून सांगून ठेवतो, ठाऊक असेल तर सोडून द्या. तिसऱ्या वाक्यात मात्र वाचक सावरून बसतो. सभेत काहीतरी वाद होणार आणि न्यायाधीश असण्याचा तिथे संबंध येणार, अशी अपेक्षा त्या दोन डॅशांनी तयार होते. पुढच्या वाक्यात चहा-बिस्किटांचे वर्णन आले तर वाचक बुचकळ्यात पडेल, आणि तो दोष डॅशचा असेल. कंस माहितीला मागे नेतो, डॅश पुढे आणतो, स्वल्पविराम तिला रांगेतच चालू देतो.

म्हणून ‘इथे कोणते चिन्ह बरोबर?’ या प्रश्नाला व्याकरणातून उत्तर मिळत नाही. ते मिळते आशयातून. ही माहिती वाचकाने चुकवली तर चालेल का? चालत असेल तर कंस. चुकवू नयेच, तिच्यावरच पुढचे सगळे उभे आहे, असे असेल तर डॅश. या दोन्हींमधली जागा स्वल्पविरामाची, आणि रोजच्या लिखाणातली बहुतेक जोडमाहिती तिथेच मावते.

मात्र एक नियम तिघांनाही सारखाच लागू आहे, आणि तो पक्का आहे. वाक्याच्या मध्ये आलेली जोडमाहिती दोन्ही बाजूंनी बंद करावी लागते. कंस उघडला तर तो मिटायचा, हे सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण उघडा कंस डोळ्यांना खुपतो. स्वल्पविरामाचे तसे नाही. ‘माझी मावशी, वाईला राहणारी उद्या येणार आहे’ अशी वाक्ये रोज छापून येतात. पहिला स्वल्पविराम आहे, दुसरा राहून गेला आहे. आता ‘वाईला राहणारी’ हे मावशीचे वर्णन आहे की वाईला राहणारी दुसरीच कोणी येणार आहे, हे वाचकाने ठरवायचे. तपासण्याची रीत सोपी आहे. दोन चिन्हांमधला मजकूर बोटाने झाका आणि उरलेले वाक्य मोठ्याने वाचा. ते धड उभे राहिले तर चिन्हे योग्य जागी आहेत.

ही झाकून पाहण्याची रीत किती पैशांची असू शकते, हे कॅनडातल्या एका प्रकरणात दिसले. न्यू ब्रन्सविक प्रांतात रॉजर्स या केबल कंपनीने अलायंट या टेलिफोन कंपनीशी २००२ साली करार केला. खांबांवरून रॉजर्सने आपल्या तारा न्यायच्या आणि खांबामागे वार्षिक भाडे द्यायचे, असा तो व्यवहार होता. मुदतीच्या इंग्रजी कलमाचा अर्थ आणि त्यातली स्वल्पविरामांची जागा मराठीत साधारण अशी दाखवता येईल: करार पाच वर्षे अमलात राहील, आणि त्यानंतर पुढच्या पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, एक वर्ष आधी लेखी सूचना देऊन कोणी तो संपवला नाही तर.

रॉजर्सची समजूत अशी, की पहिली पाच वर्षे कराराला धक्का लागत नाही. सूचना देऊन बाहेर पडण्याची सोय पुढच्या मुदतींसाठी आहे. पण अलायंटने पहिली पाच वर्षे पुरी व्हायच्या आतच करार संपवण्याची सूचना दिली. प्रकरण दूरसंचार नियामक आयोगाकडे गेले. आयोगाने तीच झाकून पाहण्याची रीत वापरली. ‘आणि त्यानंतर’पासून ‘मुदतींसाठी’पर्यंतचा भाग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये आहे, म्हणजे तो उचलून बाजूला ठेवता येतो. तो बाजूला ठेवला की शेवटची अट थेट पहिल्या पाच वर्षांना जाऊन चिकटते. जुलै २००६ मध्ये निर्णय अलायंटच्या बाजूने लागला. दुसरा स्वल्पविराम नसता, तर वाक्याचा अर्थ रॉजर्सच्या म्हणण्याकडे झुकला असता. वर्तमानपत्रांनी याला दहा लाख डॉलरचा स्वल्पविराम म्हटले. मग रॉजर्सने कराराच्या नमुन्याची फ्रेंच प्रत पुढे आणली. तिच्यात ही संदिग्धता नव्हती, आणि ऑगस्ट २००७ मध्ये आयोगाने त्या आधारावर आपले मत फिरवले.

हेच कलम मूळ मराठीतच लिहायचे असते, तर ‘नाही तर’ची अट शेवटी लोंबकळत राहिली नसती. आपण अट आधी सांगतो आणि परिणाम नंतर. आपल्याकडचे अनुभवी दस्तलेखक असा मजकूर एका वाक्यात कोंबत नाहीत, पोटकलमे पाडतात. ज्या वाक्यावर पैसा किंवा घर अवलंबून आहे, तिथे स्वल्पविरामावर विसंबू नये, हे त्यांचे शहाणपण मला पटते.

मराठीने ही चिन्हे तशी उशिराच घेतली. मोडीत लिहिणारा कारकून आधी कागदभर आडवी ओळ ओढायचा आणि तिला अक्षरे लटकवत जायचा. दोन शब्दांमध्ये अंतर सोडण्याचीही पद्धत नव्हती. पोथ्यांमध्ये उभा दंड असे, एक किंवा दोन, आणि तो मुख्यतः पद्याचा चरण किंवा ओवी कुठे संपली हे दाखवी. मग बखरीतले आणि पत्रांतले लांबलचक गद्य लोक वाचत कसे? तिथे चिन्हांचे काम शब्द करत असत. ‘ऐसे’, ‘ऐशियास’, ‘की’, ‘जे’, ‘सबब’, ‘म्हणोन’, ‘येणेप्रमाणे’ हे शब्द वाक्याची वळणे दाखवत. खुलासा करायचा तर ‘म्हणजे’ होतेच. जुने मराठी पत्र मोठ्याने वाचले की हे कानाला लगेच कळते. डोळ्याला मात्र वेळ लागतो.

इंग्रजी अमलात छपाई आली, शाळा आल्या, क्रमिक पुस्तके आली, आणि मनातल्या मनात वाचणारा वाचक तयार होऊ लागला. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामात त्यांचा मोठा हात होता, आणि त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० सालची आहे. चिन्हांनी गद्याचा बांधाच बदलला. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची पल्लेदार, पोटवाक्यांनी भरलेली वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविरामांशिवाय उभी राहिली असती, असे मला वाटत नाही.

लेखनाच्या अधिकृत नियमांत मात्र हा विषय मागेच राहिला. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपे अशा गोष्टींबद्दल बोलतात. जोडमाहिती कोणत्या चिन्हांत ठेवावी याबद्दल त्यांत काही नाही. म्हणून प्रत्येक वर्तमानपत्राची आणि प्रकाशनाची रीत थोडी वेगळी दिसते. ऱ्हस्व-दीर्घावरून हिरिरीने भांडणारे आपण, अर्थ बदलणाऱ्या स्वल्पविरामाकडे काणाडोळा करतो, याचे मला वाईट वाटते.

आता मराठीची स्वतःची अडचण. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटून येतो. ‘पुण्यात’, ‘कँडीने’, ‘चालकावर’. नाम आणि प्रत्यय यांच्यामध्ये बोटभरही जागा नाही. मग नामाला कंस जोडायचा तर तो ठेवायचा कुठे? ‘पुणे (पूर्वीचे पुनवडी)त’ असे कोणी लिहीत नाही. ‘पुण्यात (पूर्वीचे पुनवडी)’ असे लिहिले, तर ‘पूर्वीचे’ कोणाला लागू होते तेच कळत नाही.

यावर मराठीने फार सुंदर तोडगा काढला आहे, आणि तो आपण रोज वापरूनही आपल्या ध्यानात येत नाही. वर्तमानपत्रातली अपघाताची बातमी पाहा: ‘याप्रकरणी ट्रकचालक (वय ३५, रा. सोलापूर) याच्यावर गुन्हा दाखल करण्यात आला आहे.’ नाम आधी मूळ रूपात मोकळे सोडायचे, मग कंस, आणि कंसानंतर ‘याच्यावर’ हा शब्द आणून त्याच्या अंगावर प्रत्यय चढवायचा. मुद्दाम या लेखातही मी वर ‘कँडी (१८०४–१८७७) यांना’ असे लिहिले. माणसासाठी ‘याने, यांनी, यांचा, यांना’. गावासाठी ‘येथे, येथील, येथून’. वस्तूसाठी किंवा संस्थेसाठी ‘या संस्थेने’, ‘हे पुस्तक’. म्हणून ‘पुणे (पूर्वीचे पुनवडी) येथे’ ही रचना बिनचूक चालते. लग्नपत्रिकेतल्या नावांपुढचे ‘यांची ज्येष्ठ कन्या’ याच जातीचे. काही जण या ‘यांनी’ला कचेरीच्या मराठीचे खूळ समजून सरसकट काढून टाकतात. साध्या नावापुढे ते काढावे, खुशाल काढावे. ‘रमेशने सांगितले’ हेच छान. पण नाव आणि प्रत्यय यांच्यामध्ये काही बसवायचे असेल, तर हा पूल लागतोच.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. इंग्रजीत कर्त्यामागून लगेच क्रिया कळते. आपल्याकडे कर्ता, कर्म, स्थळ, काळ हे सगळे मनात धरून वाचक शेवटच्या शब्दाची वाट पाहत असतो. त्या वाटेवर लांब कंस उघडला की त्याच्या हातातले सगळे खाली पडते. हे वाक्य पाहा:

ग्रामपंचायतीने गेल्या महिन्यात नळ योजनेच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेला निधी (जो मुळात जिल्हा परिषदेकडून दोन हप्त्यांत यायचा होता, पण पहिला हप्ता उशिरा आल्याने दुसराही लांबला) अखेर ठेकेदाराला दिला.

व्याकरणाने काही चुकलेले नाही. पण कंस संपेपर्यंत ‘ग्रामपंचायतीने’ काय केले हा प्रश्न लटकत राहतो. ‘गेल्या महिन्यात’ हे निधी मंजूर होण्याबद्दल आहे की दिला जाण्याबद्दल, हेही निसटते. आणि ‘जो मुळात’ने उघडणारा कंस इंग्रजी वाक्याच्या सवयीतून आलेला आहे. यावर कोणते चिन्ह वापरावे हा विचारच करू नये. वाक्य तोडावे: ‘नळ योजनेच्या दुरुस्तीचा निधी ग्रामपंचायतीने अखेर गेल्या महिन्यात ठेकेदाराला दिला. जिल्हा परिषदेकडून तो दोन हप्त्यांत यायचा होता; पहिलाच उशिरा आला, त्यामुळे दुसराही लांबला.’ माझा स्वतःचा अंदाजी हिशेब असा, की मराठीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये पाच-सात शब्दांहून मोठा कंस घालू नये. त्याहून मोठी माहिती असेल तर तिला तिचे स्वतःचे क्रियापद द्यावे.

कित्येकदा चिन्हाची गरजच नसते, कारण मराठीत वर्णन नामाच्या आधी येऊ शकते. ‘शेजारचे निवृत्त न्यायाधीश देशमुख’ असे म्हटले की संपले. ‘वाईची मावशी’ तर बोलताना कोणीही असेच म्हणेल. पण इथे एक बारीक फरक आहे. ‘माझी वाईची मावशी उद्या येणार आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, आणखीही मावश्या आहेत; कोणती येणार ते सांगण्यासाठी ‘वाईची’ आले. ‘माझी मावशी, वाईला राहणारी, उद्या येणार आहे’ यात ‘वाईला राहणारी’ ही नुसती जादा माहिती. मावशी एकच असू शकेल. पहिल्या वाक्यात ‘वाईची’ काढले तर कोणती मावशी ते कळणार नाही. दुसऱ्यात तो भाग काढला तरी माणूस तोच राहतो. निवड करणारी माहिती आणि नुसती ओळख देणारी माहिती यांतला हा भेद आहे, आणि तो चिन्ह दाखवते.

‘उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांना बाहेर उभे केले’ या वाक्यात सगळेच उशिरा आले होते की काही जण, हे कळत नाही. काही जणच असतील, तर ‘जे विद्यार्थी उशिरा आले, त्यांना बाहेर उभे केले’ ही जे-ते जोडी चोख काम करते. सगळेच असतील, तर ‘विद्यार्थी उशिरा आले, म्हणून त्यांना बाहेर उभे केले’ असे सरळ कारण सांगावे. शिस्तीच्या नोटिसा, परीक्षांच्या सूचना, शासकीय आदेश लिहिणाऱ्यांनी हे एकदा तरी तपासावे, कारण तिथे एका संदिग्ध ‘आलेल्या’मुळे कोणाला तरी विनाकारण शिक्षा होऊ शकते.

डॅशबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण सध्या सर्वांत जास्त हाल त्याचेच आहेत. लहान आडवी रेघ म्हणजे संयोगचिन्ह. ती ‘आई-वडील’, ‘चहा-पाणी’, ‘मुंबई-पुणे’ असे शब्द जोडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडत नाहीत. लांब रेघ म्हणजे डॅश. वाक्यात ती वेगळे करते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडण्याची रीत चांगली. एक जोडणारी, दुसरी तोडणारी. कामे अगदी विरुद्ध. मोबाइलच्या कळफलकावर लहान रेघ चटकन सापडते आणि लांब रेघेसाठी कळ दाबून धरावी लागते, त्यामुळे सगळीकडे लहानच पडते. मग ‘तो-माझा भाऊ-आला’ असे काहीतरी तयार होते आणि वाचकाला दोन जोडशब्द भेटल्यासारखे वाटते. त्यात देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरे नाहीत. विशेषनाम कुठे आहे, नवे वाक्य कुठे सुरू झाले, हे अक्षराच्या आकारावरून कळत नाही. आपल्या डोळ्यांना चिन्हांचाच आधार आहे. म्हणून ही रेघ नीट लांब काढण्याचा कंटाळा करू नये.

डॅशचा एकेरी उपयोगही आहे: वाक्य संपताना शेवटचा शब्द पुढे करायचा. ‘एवढ्या मोठ्या वाड्यात आता एकच माणूस राहतो – आजी.’ इथे दुसरा डॅश लागत नाही, कारण पूर्णविरामच दार लावतो. मात्र परिच्छेदात असे दोन झाले की परिणाम जातो. कंसाचेही पूर्णविरामाशी असेच नाते सांभाळावे लागते. कंसात वाक्याचा तुकडा असेल तर पूर्णविराम कंसाबाहेर. कंसात अख्खे स्वतंत्र वाक्य असेल तर पूर्णविराम कंसाच्या आत. नाटकाच्या संहितेत रंगसूचना ‘(उठून खिडकीशी जाते.)’ अशी छापतात ती याच कारणाने.

राहता राहिला चौकटी कंस. गोल कंसातले शब्द लेखकाचे स्वतःचे असतात. चौकटी कंसातले शब्द दुसऱ्या कोणाचे तरी: संपादकाचे, अनुवादकाचे, वार्ताहराचे. मोडी कागदाचे लिप्यंतर करताना वाळवीने खाल्लेले अक्षर अभ्यासक अंदाजाने भरतो आणि चौकटी कंसात ठेवतो, म्हणजे मूळ कागद काय सांगतो आणि अभ्यासकाला काय वाटते, हे पुढच्या वाचकाला वेगळे दिसते. बातमीतही हेच हवे. सभेत वक्ता म्हणाला, ‘त्यांनी शब्द पाळला नाही.’ वार्ताहराला खुलासा करायचा आहे. ‘त्यांनी (साखर कारखान्याने) शब्द पाळला नाही’ असे छापले, तर कारखान्याचे नाव वक्त्याने घेतले असा अर्थ होतो, आणि उद्या तो वक्ता ‘मी कोणाचे नाव घेतले नव्हते’ म्हणाला तर खरे त्याचेच असते. ‘त्यांनी [साखर कारखान्याने] शब्द पाळला नाही’ असे छापले, की तो खुलासा वार्ताहराचा आणि त्याची जबाबदारीही वार्ताहराची.